जावयाने ट्रेस केलेला मोर

२०१८ साली महाराष्ट्रात थर्माकोलवर बंदी आली आणि माझ्या सासुरवाडीचं मखर एका रात्रीत बेकायदा ठरलं. पर्यावरणाच्या दृष्टीने झालं ते योग्यच झालं. पण त्या मखराचा घरातला मान बघता सरकारने निदान मामांना आधी एक पोस्टकार्ड टाकायला हवं होतं.

मामा म्हणजे बायकोचे मामा. पाटबंधारे खात्यातून ट्रेसर म्हणून निवृत्त झालेले. हे पद काय होतं ते आता समजावून सांगावं लागतं. इंजिनिअर पेन्सिलीने नकाशा काढायचे, ट्रेसर त्यावर ट्रेसिंग पेपर पसरून तो शाईने उतरवून घ्यायचे, त्या ट्रेसिंगवरून अमोनियाच्या प्रिंट निघायच्या आणि त्या हातात धरून साइटवर कालवे खणले जायचे. शाईची रेघ चुकली तर खोडरबराचा उपयोग नसे. दाढीच्या ब्लेडने ती अलगद खरवडायची, कागदाला भोक न पाडता. अशा माणसाने एका श्रावणात रजा टाकून मखराचं ड्रॉइंग काढलं होतं. दोन फूट रुंदीची कमान, समोरासमोर दोन मोर, मधे कमळांची जाळी आणि वर ‘॥ श्री गणेशाय नमः ॥’. सगळं रोटरिंगच्या पेनने, अर्ध्या मिलिमीटरच्या एकसारख्या रेघेत. दरवर्षी त्यावरून थर्माकोलवर छाप घ्यायचा आणि मामांनी कटर चालवायचा. बाकीच्यांनी ‘वा’ म्हणायचं.

बंदीनंतर पहिल्या वर्षी जुन्या पैठणीच्या पडद्यावर भागवलं. पुढे एकदा बाजारातलं तयार मखर आणलं. मामा त्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “छान आहे. दुकानातलं आहे, पण छान आहे.” त्या वर्षी आरतीला त्यांचा आवाज लागला नाही.

अशा नाजूक वातावरणात जेवणाच्या पंगतीत कुणीतरी म्हणालं की हल्ली एमडीएफचं लेझर कटिंग करून मिळतं. मी म्हणालो, “मग त्यात काय! मामांचं ड्रॉइंग स्कॅन करायचं, व्हेक्टर करायचं, पेन ड्राइव्हवर टाकून द्यायचं. तासाभराचं काम.”

बायकोचा वाढता हात थांबला. घरातला मिक्सरही मी तासाभरात उघडला होता, ते तिला आठवलं असावं. तो अजून उघडाच आहे.

माझा अधिकार म्हणाल तर मी बँकेत कर्ज विभागात आहे. चित्रकलेशी शेवटचा संबंध एलिमेंटरीच्या परीक्षेत आला आणि तो परीक्षकांनीच तोडला. पण मी एक व्हिडिओ पाहिला होता. त्यात एक तरुण कागदावर पान काढतो, त्याचा फोटो घेतो, एक बटण दाबतो आणि पुढच्या क्षणी लाकडाचं सुबक पान हातात धरून हसतो. अशा कामात लाकडापेक्षा व्हिडिओच जास्त कापलेला असतो, हे मला नंतर कळलं.

स्कॅनिंगपासूनच सुरुवात झाली. ड्रॉइंग दोन फुटांचं, आमच्या शाखेतला स्कॅनर केवायसीच्या कागदांपुरता. तेव्हा लंच टाइममध्ये दार लोटून मी मोर तुकड्यातुकड्याने आत सरकवला. एका खातेदाराने काचेतून पाहिलं. आपलं कर्जप्रकरण आता याच्या हातात आहे, ही चिंता त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसली. घरी येऊन तुकडे संगणकावर जोडले. मामींनी ड्रॉइंगची वर्षानुवर्षं चौघडी घालून ठेवली होती, त्यामुळे एक घडी मोराच्या मानेतून गेलेली. शिवाय कधीतरी मोदक करताना पडलेला तुपाचा मोठा डाग कमळाशेजारी होता. मी म्हटलं, एवढं तर संगणकाला कळेलच.

संगणकाला काय कळतं, ते इथे सांगायला हवं, कारण मला ते कुणी सांगितलं नव्हतं. स्कॅन केलेलं चित्र म्हणजे नुसते ठिपके. कुठल्या ठिपक्याचा रंग कुठला, एवढीच नोंद. मोर आहे, मान आहे, ही माहिती त्यात कुठेच नसते. लेझरच्या मशीनला मात्र कापायला रस्ता लागतो: इथून निघ, एवढं वळण घे, तिथे थांब. ठिपक्यांच्या नोंदीतून असे रस्ते काढणं म्हणजे व्हेक्टर करणं. इंकस्केप नावाचं एक सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात ‘ट्रेस बिटमॅप’ असा पर्याय आहे आणि त्याच्या पोटात पोट्रेस नावाचा प्रोग्रॅम बसलेला असतो. पीटर सेलिंजर या गणितज्ञाने तो २००१ साली प्रसिद्ध केला. अतिशय हुशार प्रोग्रॅम आहे, फक्त त्याला काळं आणि पांढरं एवढंच दिसतं. करड्याचं काय करायचं ते आपण एका आकड्याने सांगायचं. तो आकडा मुळात ०.४५ असतो.

०.४५ वर मोराचा तुरा गायब झाला. आकडा वाढवला तशी पिसं आली, तुरा आला, घडीची रेघ आली आणि शेवटी तुपाचा डाग आला, चांगला ठसठशीत, पाकळ्यांसकट. इतक्या वर्षांत मामांनी काढलं नव्हतं असं एक कमळ माझ्या बटणाने काढलं. आकडा कमी केला की कमळ जायचं, पण जाताना मोराचा डोळा घेऊन जायचं. शेवटी आंधळा मोर की जादा कमळ, असा प्रश्न उरला. मी कमळ ठेवलं. देवाचं काम होतं.

नारायण पेठेत एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर लेझर कटिंगचं दुकान आहे. दारावर पाटी: ‘फाईल कोरलमध्ये आणावी. दुरुस्तीचे पैसे वेगळे. थोडंसंच आहे असे म्हणू नये.’ कोरल म्हणजे त्यांचं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर. आत पंचविशीतला एक मुलगा एकटा सगळं बघतो. माझी पहिली फाईल उघडून तो म्हणाला, “सर, हा फोटोच आहे.” मी म्हणालो, “एसव्हीजी आहे, व्हेक्टरची फाईल. नाव बघा.” त्याने शांतपणे झूम केलं. पडद्यावर करडे चौकोन दिसू लागले. मी ट्रेस केलेला भाग कुठेतरी भलतीकडे जतन केला होता आणि इथे आणली होती ती नुसत्या चित्राला एसव्हीजीचं वेष्टण घातलेली फाईल. “बरेच जण आणतात,” असं म्हणून त्याने माझी समजूत काढली. बरेच जण त्या दिवशी दुकानात नव्हते याचं मला फार बरं वाटलं.

बरोबर मी सनबोर्डचा मोठा तुकडाही नेला होता, स्टेशनरीच्या दुकानातून, स्वस्त पडला म्हणून. तो बघताच मुलाचा आवाज पहिल्यांदाच चढला. सनबोर्ड म्हणजे पीव्हीसी. लेझरने जाळला की त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो. आधी माणसाची छाती धरतो, मग मशीनला गंज चढवतो. तुकडा मी पाठीमागे लपवला. तिथून पुढे तो मला ‘सर’ऐवजी ‘काका’ म्हणू लागला.

दुसऱ्या खेपेला खरी व्हेक्टर फाईल नेली. त्याने कोरलमध्ये उघडून मोराच्या मानेवर बोट ठेवलं. “काका, इथे एक रेघ दिसतेय ना? एक नाहीये. दोन आहेत.” पोट्रेसला रेघ म्हणजे काय हे माहीत नसतं. त्याला काळा पट्टा दिसतो आणि तो त्या पट्ट्याचा काठ आखतो, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. मामांची अर्ध्या मिलिमीटरची रेघ लेझरने दोन्ही काठांनी कापली असती म्हणजे मखराऐवजी ताटभर जळक्या शेवया मिळाल्या असत्या.

घरी परतून मी शोध घेतला. इंकस्केपच्या १.० आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, पट्ट्याच्या मधोमध एकच रेघ काढायची सोयही आहे. ती वापरली. रेघ एक आली, पण जिथे दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे प्रत्येक ठिकाणी तिने बारीकशी ठेच खाल्ली. मोर लंगडत असल्यासारखा दिसू लागला. वक्र गुळगुळीत करायला ‘सिम्प्लिफाय’ नावाची आज्ञा आहे, कंट्रोल आणि एल. एकदा दाबलं, बरं वाटलं. पुन्हा दाबलं. आता त्यात एक गोम आहे: घाईने लागोपाठ दाबलं तर इंकस्केप प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त जोर लावतं. मला ते माहीत नव्हतं आणि घाई होती. मोराचं बदक झालं, बदकाचा पिसारा गेला आणि मग पडद्यावर जे उरलं त्याला मराठीत नाव नाही. बायको मागून जाताना म्हणाली, “हा उंदीर छान जमलाय.”

मागे येत येत पुन्हा मोरापर्यंत पोहोचलो आणि या वेळी फाईल डीएक्सएफमध्ये जतन केली, कारण तो शब्द भारदस्त वाटला. डीएक्सएफ हा १९८२ सालचा, ऑटोकॅडबरोबर आलेला प्रकार. त्यात आकडे असतात. ते इंच की मिलिमीटर, याचा भरवसा नसतो. मी इंचात २४ लिहिले होते. दुकानातल्या मशीनने मिलिमीटरमध्ये २४ वाचले. कापण्याआधी मशीनचं हेड चित्राच्या चारी कडांवरून एक फेरी मारून जागा दाखवतं. माझ्या फाईलसाठी हेड जागच्या जागी थरथरलं आणि थांबलं. मुलाने त्या नखाएवढ्या जागेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“काका, तुमचा गणपती केवढा आहे?”

२५.४ ने गुणल्यावर कमान मूळ मापाची झाली. तीन मिलिमीटरचा एमडीएफ मशीनमधल्या मधाच्या पोळ्यासारख्या जाळीवर ठेवला, झाकण पडलं, पंखा सुरू झाला आणि मी, बाप होणारा माणूस हॉस्पिटलात फिरतो तसा, दुकानात येरझाऱ्या घालू लागलो. वेळ जावा म्हणून त्या मुलाला म्हटलं, “तुला माहितीये, हा कार्बन डायऑक्साइड लेझर शोधून काढणारा माणूस आपला बारामतीचा.” ही थाप नव्हे. कुमार पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीचा. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, म्हणजे आजच्या सीओईपीतून, १९५८ साली ते पदवीधर झाले, पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला गेले आणि १९६४ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये त्यांनी हा लेझर सिद्ध केला. त्याचा किरण डोळ्यांना दिसत नाही, १०.६ मायक्रॉनचा, इन्फ्रारेड असतो. मी हे सगळं छाती फुगवून सांगितलं, जणू ट्यूबमध्ये वायू मीच भरला होता.

“बारामतीचे?” मुलगा म्हणाला. “मग ट्यूब बदलायला एवढे पैसे का लागतात?”

मशीन मधेच अडखळत, थबकत चाललं होतं. मानेतली घडी, कागदाचे तंतू, स्कॅनरच्या काचेवरची धूळ, हे सगळं मी बिंदू-बिंदू करून त्या फाईलमध्ये जपलं होतं आणि हेड बिचारं प्रत्येक बिंदूपाशी हजेरी लावत होतं. जिथे थबके तिथे काठ काळा पडे. पण अखेर झाकण उघडलं. तुपाचं कमळसुद्धा अगदी स्वच्छ कापलं गेलं होतं. मी दोन्ही हातांनी मखर अलगद उचललं.

हातात फक्त चौकट आली. मोर जाळीवरच राहिले आणि तेही सुट्या पिसांच्या रूपात. पिसातलं पीस, त्यातला डोळा, डोळ्यातलं बुबुळ, सगळं वेगवेगळं. ड्रॉइंगमधल्या प्रत्येक रेघेला मी एकच रंग दिला होता आणि मशीनच्या लेखी त्या रंगाचा अर्थ एकच होता, आरपार काप. कुठली रेघ आरपार आणि कुठली नुसती ओरखडायची, हे दोन रंगांनी सांगायचं असतं. आतले भाग बाहेरच्याला धरून राहावेत म्हणून मधे मधे न कापलेले बारीक पूल ठेवायचे असतात. मी पूल ठेवले नव्हते.

वरच्या ओळीने मात्र आपली आब राखली. ‘गणेशाय’ शिरोरेषेला घट्ट धरून होतं. देवनागरी या बाबतीत इंग्रजीपेक्षा शहाणी लिपी आहे. एका आडव्या रेघेवर अख्खं कुटुंब टांगलेलं असतं, घरातला कर्ता पुरुष असावा तसं. पण विसर्गाचे दोन्ही थेंब आणि चारही दंड खाली गळाले. मुलगा म्हणाला, नेहमीचंच आहे. नेमप्लेटवर अनुस्वारही असाच पडतो. एका शिंद्यांची पाटी त्याच्याकडून ‘शिदे’ होऊन गेली होती आणि ते ती परत द्यायला आले होते. आणि ही गंमत टाइप करून घेतलेल्या अक्षरांतही होते. श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये ओळ टाइप करून आणली आणि कोरलमध्ये अक्षरं एकमेकांना वेल्ड केली नाहीत, तर मात्रा अक्षरावर जिथे चढते तिथून लेझर दोघांना वेगळं करतो.

तुकडे पिशवीत भरून मी घरी आणले. गुपचूप टाकून देणार होतो, पण मामा हॉलमध्येच बसले होते. त्यांनी पिशवी मागून घेतली, वर्तमानपत्र पसरलं आणि एकेक पीस जागेवर लावत बसले. डावा मोर जवळपास पुरा झाल्यावर चष्मा वर करून म्हणाले, “जावईबापू, पिसाऱ्याच्या रेघा आरपार कापायला कुणी सांगितल्या?”

मी म्हणालो, “मशीनने कापल्या, मामा.”

“मशीनला कुणी सांगितलं?”

कर्ज विभागात एवढी वर्षं काढूनही मला यावर उत्तर सुचलं नाही. मग त्यांनी एक जादा तुकडा उचलून उजेडात धरला. “आणि हे काय आहे?” मी म्हणालो, तूप.

दुसऱ्या दिवशी मामा ड्रॉइंगची गुंडाळी घेऊन स्वतः दुकानात आले. मुलाने त्यांना खुर्ची दिली आणि पहिल्याच वाक्यात ‘आजोबा’ म्हणाला. मला स्टूलही मिळालं नाही. मामांनी विचारलं की ते ट्रेसचं बटण नेमकं काय करतं. मुलाने काळं-पांढरं समजावून सांगितलं.

“म्हणजे डाग कुठला आणि डोळा कुठला, हे त्याला कळत नाही?”

“नाही, आजोबा.”

“मग ट्रेस कसलं करतं ते?”

पुढे जे झालं ते मी मागे उभा राहून पाहिलं. मुलाने स्कॅन पडद्यावर कुलूपबंद करून ठेवला आणि त्यावर कोरलच्या बेझियर टूलने मोर नव्याने काढायला घेतला. अर्धंच मखर काढायचं. उरलेलं अर्धं आरशातून येतं. हे मला कुणी सांगितलं असतं तर माझा मनस्तापही अर्धाच झाला असता. मुलगा बिंदू टाकत होता आणि मामा बोट दाखवत होते. “इथे नको. पुढे. वळण बदलतं तिथे.” थोड्या वेळाने मुलाने हात थांबवून विचारलं, “आजोबा, तुम्ही कोरलवर काम केलंय?” मामांनी खिशातून फ्रेंच कर्व्ह काढून टेबलावर ठेवला, तो हिरवट पारदर्शक, कडेला शाईचे डाग पडलेला. लांब वक्र एका दमात येत नाही. पट्टी सरकवून पुढचा तुकडा कुठून जोडायचा, म्हणजे सांधा दिसणार नाही, हेच ते आयुष्यभर ठरवत आले होते. आणि संगणकातल्या या वक्रांना ज्यांचं नाव आहे ते पिएर बेझियर फ्रेंचच, रेनोच्या मोटारींचे पत्रे आखणारे इंजिनिअर. त्यांच्याआधी सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो याच वाटेने गेले होते, पण कंपनीने ते बराच काळ गुपित ठेवलं. ही माहितीही मी छाती फुगवून सांगितली. दोघांपैकी कुणीही मागे वळून पाहिलं नाही.

माझ्या ट्रेसमध्ये जी मान शेकडो बिंदूंनी थरथरत होती, ती त्यांनी मोजक्या चार-पाच बिंदूंत उभी केली. बाहेरची कड लाल, म्हणजे आरपार. पिसाऱ्याच्या रेघा निळ्या, म्हणजे नुसता ओरखडा. विसर्गाचे थेंब मामांनी एका बारीक वेलीने शेजारच्या दंडाला टेकवले. मला ती कल्पना आवडली आणि मी तसं बोलून दाखवलं. मामा म्हणाले, “थर्माकोलवरही तशीच होती. चाळीस वर्षं आहे.”

गणपती बसले. मखर मागे उभं राहिलं, थोडं डुलत, कारण खालच्या खाचा मी मोजून दिल्या होत्या. लेझर जाताना स्वतःची रुंदीही खाऊन जातो, मिलिमीटरचा एखाद-दुसरा दशांश, आणि तो हिशोबात धरायचा असतो. मामांनी पोस्टकार्डाची घडी करून खाचेत सारली आणि आरतीला वरची पट्टी लावली.

तेव्हा वाचकहो, एवढंच सांगतो. रेखाचित्र घेऊन लेझरवाल्याकडे जाल तेव्हा स्कॅन स्वच्छ न्या आणि नव्याने आखून देण्याचे तो जे वेगळे पैसे मागेल ते घासाघीस न करता द्या; ते त्याच्या नजरेचे असतात. फाईलच्या कोपऱ्यात शंभर मिलिमीटरचा एक चौकोन काढून ठेवा, म्हणजे तो पट्टी लावून माप ताडून बघेल. फक्त कापायला देण्याआधी तो चौकोन पुसायला विसरू नका. आमचा कापून आला. त्याचे पैसे वेगळे लागले.